दुसरी गाडी म्हणून जुनी नेकेड बाइक : लाखभरात काय घ्यावे

घरात एक मोटरसायकल असताना दुसरी घेऊ पाहणाऱ्याचे गणित पहिली गाडी घेणाऱ्यापेक्षा वेगळे असते. पहिल्या गाडीकडून आपण सगळेच मागतो: चांगले ॲव्हरेज, मऊ सीट, मागे बसणाऱ्याची सोय, सामान बांधायला जागा, शिवाय वर्षभर विनातक्रार ऑफिसची ये-जा. दुसरीकडून मागण्या दोनच असतात. पहिलीला जे जमत नाही ते तिने करावे, आणि आठवड्यातले बरेचसे दिवस ती पार्किंगमध्ये नुसती उभी असताना तिचा खर्च अंगावर येऊ नये. पहिल्या मागणीवर मित्रमंडळी तासन्‌तास बोलतात. दुसरीचा विषय सहसा निघत नाही, आणि जुनी गाडी घेताना पैसे जातात ते बहुधा तिथेच.

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे. सुमारे १९९ किलो वजन, पुढे २१ इंची चाक आणि खराब रस्त्याची अजिबात पर्वा न करणारे सस्पेन्शन ही तिची पुंजी. कोकणात उतरायचे असो किंवा सामान बांधून चार दिवस बाहेर पडायचे असो, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रविवारी सकाळी पुण्याहून लवकर निघून बोपदेव घाटाने सासवडला जाऊन नाश्त्यापर्यंत परत यायचे असेल, किंवा संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढायची असेल, तर तेच वजन आणि तेच मोठे चाक आड येते. मला हवी होती ती हलकी, दोन्ही चाके १७ इंची असलेली, सरळ बसता येईल अशी नेकेड गाडी, आणि तीही सगळा खर्च धरून लाख रुपयांच्या आत. त्या शोधात पाहिलेल्या गाड्यांबद्दल, आणि शेवटी घेतलेल्या सुझुकी जिक्सर २५० बद्दल हे लिहीत आहे.

जुन्या बाजारात नेकेड गाडीचा एक फायदा आहे, जो नवी घेताना लक्षातही येत नाही. तिला फेअरिंग, म्हणजे इंजिनभोवतीचे प्लास्टिकचे आवरण, नसते, त्यामुळे इंजिन, फ्रेम, पाइप आणि वायरिंग बऱ्याच अंशी उघड्यावर असते. फेअरिंगवाली गाडी एकदा जोरात आपटली तरी नवे पॅनेल आणि नवे स्टिकर लावून ती पुन्हा देखणी करता येते, आणि आत काय वाकले आहे हे पॅनेल उघडल्याशिवाय समजत नाही. नेकेड गाडी पडली की टाकी, हँडलचे टोक, फूटरेस्ट आणि इंजिनचे कव्हर यांवर खुणा राहतात. त्या मिटवायला खर्च येतो, म्हणून विकणारा बहुधा त्या तशाच ठेवतो. पडून ओरखडे आलेली गाडी मला चालते. पडलेली असूनही चकाचक दिसणारी मात्र मी दुरूनच पाहतो.

आता बजेटचे बोलू. लाख रुपयांत गाडी घ्यायची म्हणजे लाखाची गाडी घ्यायची असे नव्हे. पाच-सहा वर्षे वापरलेल्या गाडीला दोन टायर, चेन-स्प्रॉकेटचा संच, ब्रेक पॅड, बॅटरी आणि ऑइल यांपैकी काही ना काही लागतेच; त्यात नाव बदलण्याचा खर्च आणि विमा मिळवा. रेडियल टायरची जोडी एकटीच मोठा घास घेते. म्हणून पंधरा-अठरा हजार आधीच बाजूला काढून उरलेल्या रकमेत सौदा करायचा, असे मी ठरवले होते. या एका नियमाने माझ्या यादीतल्या निम्म्या गाड्या परस्पर बाद झाल्या.

विम्याची रचनाही या निवडीत भाग घेते. दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनच्या क्षमतेवरून ठरतो. २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीच्या गाडीला वर्षाला १,३६६ रुपये, आणि ३५० सीसीच्या वर गेले की २,८०४ रुपये, वर जीएसटी. केटीएम ३९० ड्यूक आणि डॉमिनार ४०० या दोन्हींचे इंजिन ३७३ सीसीचे, म्हणून त्या वरच्या गटात येतात. फरक दीड हजाराचा आहे, कोणी त्यापायी गाडी सोडणार नाही. पण महिन्यातून मोजके दिवस चालणाऱ्या गाडीवर तो दरवर्षी भरायचा आहे. उलट एक बचतही आहे. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असला तरी तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. पहिल्या गाडीच्या पॉलिसीत तो घेतलेला असेल तर दुसऱ्या गाडीच्या वेळी पुन्हा घ्यावा लागत नाही. विमा विकणारे ही गोष्ट आपणहून सांगतीलच असे नाही, तेव्हा विचारावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के झाला. जुन्या बाजारावर याचा परिणाम सरळ आहे. नवी २५० सीसी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव खाली यायलाच हवा, पण अनेक विकणारे अजूनही स्वतः मोजलेली रक्कम मनात धरून बसलेले असतात. अशा वेळी वाद न घालता नव्या गाडीचे शोरूमचे ताजे कोटेशन मोबाइलवर पुढे करावे. बोलणी लवकर आटोपतात.

कोणत्या सालची गाडी घ्यावी, याला दोन तारखा उपयोगी पडतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ निकष आले. एबीएस नसलेली २०० सीसीच्या वरची गाडी मी दुसरी म्हणून घेणार नाही. ज्या गाडीवर आपला हात रोज बसलेला नसतो तिच्यावर अचानक ब्रेक दाबण्याची वेळ आली, तर अंदाज चुकण्याची शक्यता जास्त असते. पावसाळ्यातला घाट आणि डांबरावर आलेली बारीक खडी यांचा अनुभव असलेल्याला यापेक्षा अधिक सांगायला नको. बीएस ६ चा आग्रह मी धरला तो धुरासाठी कमी आणि फ्युएल इंजेक्शनसाठी अधिक. आठ-पंधरा दिवस उभी राहिलेली कार्बोरेटरवाली गाडी सकाळी सुरू करणे हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही विचार आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि टाकीचा आतला पत्रा तपासून घेणे शहाणपणाचे.

आता एकेक गाडी. सुरुवात सगळ्यांच्या मनातल्या ३९० ड्यूकपासून करू, कारण ती बाजूला सारण्याची कारणे समजली की बाकीची निवड सोपी होते. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनणारी ही गाडी २०१३ मध्ये आली तेव्हा तिची किंमत सुमारे १ लाख ८० हजार होती, आणि त्या पैशात ४३ अश्वशक्ती देणारी दुसरी गाडी देशात नव्हती. २०१७ मध्ये नवी आवृत्ती आली: रंगीत टीएफटी पडदा, एलईडी हेडलाइट, राइड-बाय-वायर थ्रॉटल आणि ११ ऐवजी साडेतेरा लिटरच्या आसपासची टाकी. चालवायला ती आजही या यादीतली सर्वांत रंगतदार गाडी आहे, याविषयी दुमत असू नये. तिसऱ्या गियरमध्ये थ्रॉटल पिळला की समोरची मोकळी जागा क्षणात संपते.

अडचण अशी की लाखाच्या आत येणारी ३९० ही चांगली ३९० नसते. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडच्या होत्या. कोणाला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कोणाला बारीक आरसे, कोणाची मागची नंबरप्लेटच कापून आखूड केलेली. असा सायलेन्सर असेल तर मूळचा परत मिळणार का, हे पहिल्या फोनवरच विचारावे, कारण पोलीस तो जप्त करून त्यावर रोडरोलर फिरवतात आणि दंड नव्या मालकाच्या नावावर पडतो. शिवाय हे जास्त कॉम्प्रेशनचे, लिक्विड कूल्ड इंजिन आहे. वेळेवर ऑइल, वेळेवर कूलंट आणि वेळेवर व्हॉल्व्ह तपासणी मिळाली तर ते उत्तम चालते. ती मिळाली होती की नाही हे तिसऱ्या मालकाला माहीत नसते. भर दुपारी शहरातल्या सिग्नलवर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट पायांवर येते, तो भाग वेगळा. ज्याची हीच एकमेव गाडी आहे आणि जो तिच्याकडे रोज लक्ष देणार आहे, त्याने सव्वा-दीड लाखापर्यंत जाऊन पहिल्या मालकाची, सर्व्हिसचा कागद असलेली ३९० जरूर घ्यावी. मला ती दुसरी गाडी म्हणून नको होती.

ड्यूक २०० ही २०१२ पासूनची, २५ अश्वशक्तीची. तिचे सुटे भाग मुबलक, माहितगार मेकॅनिकही भरपूर. मात्र एबीएसवाल्या सालात गेले की भाव चढतो. ड्यूक २५० समतोल आहे, पण मिळालेल्या प्रत्येक गाडीची किंमत माझ्या पट्टीच्या वर होती. पल्सर एनएस २०० आणि अपाचे आरटीआर २०० ४व्ही या दोन्ही गाड्या पैशाला जागणाऱ्या आहेत, आणि ज्याचे बजेट साठ-सत्तर हजारांचे आहे त्याने इतरत्र पाहण्याचे कारण नाही. अपाचेचे साडेवीस अश्वशक्तीचे ऑइल कूल्ड इंजिन साधे आणि टिकाऊ आहे. एनएसची फ्रेम वळणावर अधिक भरवशाची वाटते. यामाहा एमटी-१५ जुन्या बाजारात स्वस्त मिळतच नाही, कारण कॉलेजातल्या मुलांमध्ये तिला इतकी मागणी आहे की दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीचा भाव नवीच्या जवळपास जातो. १५५ सीसीच्या गाडीसाठी तेवढे मोजायची माझी तयारी नव्हती.

होंडाची सीबी ३०० आर मला मनापासून आवडली. २८६ सीसीचे इंजिन, तीस-एकतीस अश्वशक्ती आणि वजन फक्त १४७ किलोच्या घरात. या गटात इतकी हलकी आणि इतकी नीट जुळवलेली दुसरी गाडी नाही. पण २०१९ मध्ये आलेली ही गाडी सुट्या भागांतून इथे जोडली जात होती, बीएस ६ च्या वेळी तिची विक्री थांबली आणि ती २०२२ मध्ये परतली. विक्री मोजक्या मोठ्या शोरूममधून, म्हणून सर्व्हिसलाही तिथेच जावे लागते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हे जमेल. लातूर किंवा चंद्रपूरच्या वाचकाने आधी जवळचे सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते पाहावे.

डॉमिनार ४०० बद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या गटात इतक्या पैशात इतकी गाडी दुसरी कोणी देत नाही. २०१६ च्या अखेरीस ती ३५ अश्वशक्तीची आली, २०१९ मध्ये ४० ची झाली आणि तेव्हाच पुढच्या चाकाला उलटे फोर्क (सस्पेन्शनच्या उलट्या बसवलेल्या नळ्या) आले. महामार्गावर शंभरच्या वेगाने ती दिवसभर निवांत चालते. परंतु तिचे वजन १८२ किलोपासून सुरू होते. ज्याच्याकडे पहिली गाडी म्हणून ॲक्टिव्हा किंवा शाइन आहे, त्याच्यासाठी दुसरी म्हणून डॉमिनार हे माझ्या मते सर्वांत योग्य उत्तर आहे, कारण पहिलीला न जमणारे सगळे ती करते. माझ्याकडे एक जड गाडी आधीच होती, म्हणून प्रश्नच मिटला. गाडी चांगली की वाईट यापेक्षा पार्किंगमध्ये तिच्या शेजारी कोणती उभी असणार, हे इथे जास्त महत्त्वाचे ठरते.

शेवटी स्पर्धा उरली ती यामाहा एफझेड २५ आणि सुझुकी जिक्सर २५० यांच्यात. दोन्ही २४९ सीसी, एकच सिलिंडर, ऑइल कूलरची जोड, आणि दोन्हींत ना कूलंट ना वॉटर पंप. उभ्या राहणाऱ्या गाडीत बिघडण्यासारखे घटक जितके कमी तितके बरे, या एका कसोटीवर दोघी उत्तीर्ण होतात.

एफझेड २५ जानेवारी २०१७ मध्ये सुमारे १ लाख १९ हजारांना आली. २१ च्या आतबाहेर अश्वशक्ती, २० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गियर, १४ लिटरची टाकी. एबीएस तिला २०१९ मध्ये मिळाले, तेव्हा त्याआधीची स्वस्त दिसणारी गाडी नजरेआड करावी. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीने हेड कव्हरच्या बोल्टसाठी सुरुवातीच्या गाड्या परत बोलावून मोफत काम करून दिले होते. त्या काळातली गाडी पाहत असाल तर ते काम झाले का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून विचारता येते. चालवताना तिचा मोठा गुण म्हणजे इंजिनच्या खालच्या फेऱ्यांवरची ओढ. चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगाने चाललेली गाडी कुरकुर न करता पुढे सरकते, शहरात गियर बदलायचे कष्ट वाचतात. पण बोपदेव घाटात वर जाताना दुसरा आणि तिसरा यांच्यात पडणारे अंतर जाणवते, आणि महामार्गावर नव्वदच्या पुढे सहावा गियर शोधत पाय उगाच वर जातो. स्वभावाने ही शांत गाडी आहे. माझी पहिली गाडीही शांतच आहे, हे तिच्या विरोधात गेले.

जिक्सर २५० ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे १ लाख ६० हजारांना बाजारात आली. साडेसव्वीस अश्वशक्ती, सहा गियर, १५६ किलो वजन, १२ लिटरची टाकी, मागे १५० रुंदीचा रेडियल टायर, आणि पहिल्या दिवसापासून दोन्ही चाकांना एबीएस. कागदावर यात काही विलक्षण नाही. उलटे फोर्क नाहीत, रंगीत पडदा नाही, स्लिपर क्लच नाही. कदाचित म्हणूनच नव्या बाजारात तिची फार चर्चा झाली नाही, आणि जुन्या बाजारात तिच्यावर उड्या पडत नाहीत. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे. चार-पाच वर्षांची, एकाच मालकाची, कमी चाललेली जिक्सर मला त्याच पैशात मिळाली ज्यात दमलेली ३९० मिळत होती.

चालवायला ती कशी आहे? इंजिनच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली अगदी सामान्य, एखादी दीडशे सीसी गाडी चालवत असल्यासारखी. साडेपाच-सहा हजारांच्या पुढे आवाज बदलतो, आणि तिथून नऊ हजारांपर्यंत ती सलग, कुठेही न अडखळता खेचते. इंजिन इतके गुळगुळीत आहे की सत्तर-ऐंशीला हँडलवर कंप जवळजवळ येत नाही. घाटात तिची खरी मजा आहे. हिमालयनला वळणात घालायला आधीपासून तयारी करावी लागते; जिक्सरला नजर वळवली आणि हँडलला बोटाने ढकलले की ती झुकते, आणि झुकल्यावर धरलेली रेषा सोडत नाही. त्रेचाळीस किलोंचा फरक कागदावर वाचणे वेगळे आणि आखडत्या वळणात अनुभवणे वेगळे. सस्पेन्शन थोडे ताठ आहे, खराब पॅचवर पाठीला कळते. मागची सीट लहान आणि उंच आहे, तिच्यावर आईला बसवून मंडईत जाण्याचा विचार करू नये. पुढचा ब्रेक पुरेसा आहे, पण ३९० सारखा चावरा नाही. शहर आणि घाट मिळून ॲव्हरेज पस्तिसाच्या आसपास मिळते. दुसऱ्या गाडीकडून मला एवढेच हवे होते.

आता तपासणी, कारण मॉडेल योग्य असले तरी समोर उभी असलेली गाडी अयोग्य असू शकते. फोनवरच सांगून ठेवावे की गाडी आधी सुरू करू नका. पिंपरीतल्या एका सोसायटीत मी पोहोचलो तेव्हा विकणाऱ्या मुलाने "दादा, एक नंबर कंडिशन आहे, हात लावायचं काम नाही," असे सांगितले, आणि मी इंजिनला हात लावला तर ते कोमट होते. गार इंजिन सुरू होताना कॅम चेनचा आवाज येतो का, निळा धूर दिसतो का, आयडल स्थिर राहते का, हे सगळे कोमट इंजिनात लपते. त्या गाडीवर मी अधिक वेळ घालवला नाही.

जी घेतली तिच्याबाबतीत आधी टायर पाहिले. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ३२२० म्हणजे २०२० चा बत्तिसावा आठवडा. गाडीवर अजून कारखान्यातलेच टायर असतील आणि मीटर बारा हजार दाखवत असेल तर हिशोब जुळतो. मीटर बारा हजारांचे, पण दोन्ही टायर बदललेले, फूटरेस्टचे रबर गुळगुळीत आणि गियर लिव्हरची खाच झिजलेली असेल, तर मीटरशी खेळ झालेला असण्याची शक्यता धरावी. नंतर ब्रेक डिस्कच्या कडेवर नख फिरवावे. जिथे पॅड घासत नाही तिथे उंचवटा तयार झालेला असतो, आणि तो जितका ठळक तितकी गाडी जास्त चाललेली. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे वाकले असतील तर पूर्ण संचाचे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाची तपासणी हँडलची. पुढचे चाक कोणाकडून तरी उचलून धरावे आणि हँडल डावीकडून उजवीकडे अगदी हलक्या हाताने फिरवावे. बरोबर मध्यभागी ते खटकन अडकल्यासारखे झाले तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग, गेला आहे. हे काम फार महाग नाही. पण त्याच वेळी बोटांनी फ्रेमच्या पुढच्या भागातला स्टॉपर चाचपावा, म्हणजे हँडल पूर्ण वळल्यावर जिथे टेकते ती लहानशी उंचवट्याची जागा. ती दबलेली, घासलेली किंवा पुन्हा वेल्डिंग केलेली असेल तर गाडीने समोरून जोरदार धडक घेतलेली आहे, मग टाकी कितीही चमकत असो. माझ्या मेकॅनिकने तर आधी तीच जागा पाहिली, आणि "भाऊ, ही सरळ आहे, बाकीचं आपण बघून घेऊ," एवढे बोलून तो हात पुसायला लागला. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची कडी आणि गंजाचे ठिपके पाहावेत; मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडून आलेल्या गाडीचे नट-बोल्ट आणि सायलेन्सरचे जोडही बारकाईने पाहावेत, खारी हवा तिथे आधी पोहोचते. मेकॅनिकला बरोबर नेण्याचे पाचशे रुपये या सगळ्या व्यवहारातले सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे आहेत.

कागदपत्रांत आळस नको. एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकला की मालक कितवा, नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत आणि बँकेचा बोजा आहे का, हे दिसते. थकलेली ई-चलने वेगळी पाहून ती विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावीत. बोजा असेल तर बँकेचे एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव बदलण्याचा अर्ज स्वतः लगेच करावा. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर जुन्या मालकाच्या नावावर चालवण्याची आपल्याकडची सवय दोघांनाही गोत्यात आणते, कारण त्या काळात अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाला जाते आणि विम्याची भरपाई नव्या मालकाला मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर तिला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसली आहे का, तेही पाहावे. कर्नाटक किंवा दिल्ली पासिंगची गाडी वीस हजारांनी स्वस्त दिसते, पण एनओसी आणून महाराष्ट्राचा एकरकमी कर भरेपर्यंत ती स्वस्त राहत नाही.

विम्यातही एक बारकावा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो, त्यामुळे २०२० च्या गाडीचा तो २०२५ मध्ये संपलेला असतो आणि विकणाऱ्याला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो. विम्याशिवाय गाडी घरी चालवत आणू नये. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचा असतो, गाडीबरोबर तो आपल्याला मिळत नाही. तेव्हा "इन्शुरन्समध्ये पन्नास टक्के बोनस आहे" म्हणून कोणी भाव वाढवत असेल तर त्याला किंमत देऊ नये.

जिक्सर घेतल्यावर चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, दोन्ही ब्रेक पॅड आणि ऑइल एकदम बदलून घेतले. या गाड्यांना किक नसते, त्यामुळे बॅटरी मेली की ढकलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पार्किंगमध्ये प्लग असेल तर बॅटरी जपणारा लहान चार्जर घ्यावा, नसेल तर आठवड्यातून एकदा गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर फिरवावी, जागेवर पाच मिनिटे सुरू ठेवून उपयोग होत नाही. जिक्सर २५० रस्त्यावर कमी असल्यामुळे तिचे बॉडीचे भाग नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात लगेच हाती पडतील असे धरून चालू नये. झिजणारे भाग मिळतात, टाकीचे प्लास्टिक किंवा हेडलाइटचा संच मागवावा लागतो. ज्याला गाडी पाडत-उचलत शिकायची आहे त्याने या कारणासाठी एनएस किंवा अपाचेच घ्यावी. आणि ज्याचे बजेट दोन लाखांपर्यंत ताणता येते त्याने जुन्या बाजारात ट्रायम्फ स्पीड ४०० शोधावी. २०२३ मध्ये आलेल्या या गाडीची सर्व्हिस १६,००० किलोमीटरला एकदा असते, आणि एक वर्ष वापरून कंटाळलेल्या मालकांच्या गाड्या आता विक्रीला येऊ लागल्या आहेत.